विट्याचे पंधरा हजार आणि चाळीसगावचे सहा

पत्र सात पानी आहे, म्हणून थोडक्यात सांगते. लिहिणारी सदतीस वर्षांची, पिंपरी-चिंचवडला एका पतसंस्थेत नोकरीला. नवरा कारखान्यात सुपरवायझर. दोघांचे मिळून हातात येतात १,२४,०००. फ्लॅटचा हप्ता ३४,०००, मुलगी पाचवीत. सासरे विट्याचे, झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांना ३८,००० पेन्शन आहे. तरी लग्न झाल्यापासून, म्हणजे २०१४ पासून, दर महिन्याच्या पाच तारखेला विट्याला १५,००० जातात. वडील चाळीसगावचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांची पेन्शन २,८००. हिने तीन वर्षांपासून आईच्या खात्यात महिन्याला ६,००० टाकायला सुरुवात केली, नवऱ्याला न सांगता. गेल्या मार्चमध्ये वडील मोरीत घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, दवाखान्याचं बिल १,८५,००० झालं. भाऊ म्हणाला, "तू कमावतेस, तूच बघ." हिने सासूबाईंनी लग्नात घातलेल्या पाटल्या तारण ठेवून १,२०,००० उचलले, तेही आपल्या पतसंस्थेत नाही, दुसरीकडे, ऑफिसात कळू नये म्हणून. खात्याला नंबर मात्र नवऱ्याचा होता. व्याजाचा मेसेज त्याला गेला. तो दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

शेवटी प्रश्न तीन. आई-वडिलांना पैसे पाठवणं चूक आहे का? विट्याचे पैसे कमी करा म्हणायचा मला हक्क आहे का? आणि पाटल्यांचं सासूबाईंना सांगू की गुपचूप सोडवून आणू?

पत्राखाली सही आहे, "एक मुलगी आणि एक सून."

*

नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देते: नाही. त्यावर पान खर्च करायची गरज नाही. पण तुम्ही 'हक्क' शब्द काढलात म्हणून कायद्याचं तेवढं सांगून टाकते, म्हणजे मान खाली घालून बसणं तरी थांबेल.

१९८७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं, आपल्याच कल्याणचं. वडिलांनी डॉक्टर असलेल्या विवाहित मुलीकडे पोटगी मागितली. मुलीचं म्हणणं होतं की कायद्यात लिहिलंय ते मुलाला उद्देशून, मुलीला नव्हे. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून आई-बापाची मुलगी राहत नाही असं होत नाही, हे तेव्हाच ठरलं. पुढे २००७ साली ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आला. त्यात मुलगा आणि मुलगी शेजारी-शेजारी उभे आहेत. प्रांताधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो, महिन्याला १०,००० पर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. आणि गंमत म्हणजे त्या यादीत सून नाही, जावईही नाही. कायद्याच्या नजरेत विट्याची जबाबदारी तुमच्या यजमानांची आणि त्यांच्या बहिणीची, चाळीसगावची तुमची आणि तुमच्या भावाची. तुमच्या घरात तीन वर्षं ज्याची चोरी वाटत होती, ती गोष्ट कायद्याने तुमच्यावर टाकलेली आहे.

कायदा इथेच ठेवू. घर काही प्रांत ऑफिसात चालत नाही.

मी एकतीस वर्षं सहकारी बँकेत काउंटरला होते. तुमच्यासारख्या बायका मी किती पाहिल्या असतील याचा हिशेब नाही. दुपारी दोनच्या सुमारास यायच्या, जेव्हा गर्दी नसते. माहेरी पाठवायच्या पैशाची स्लिप भरताना पेन थांबायचं ते 'कारण' लिहायच्या जागी. एकीने 'भिशी' लिहिलं होतं. एकीने 'उसने परत'. स्वतःच्या पगारातून स्वतःच्या आईच्या औषधाला पाठवलेल्या पैशाला 'उसने परत' लिहायचं! मी काही बोलले नाही, शिक्का मारला. आता तुम्ही विचारताय म्हणून बोलते.

तुमच्या यजमानांनी विचारलं ते बरोबर आहे. ते 'का दिलेस' म्हणाले नाहीत. 'का नाही सांगितलंस' म्हणाले. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि तुमच्या पत्रात ते कुठेतरी निसटलंय. तुम्ही सहा पानं भरून सांगितलंत की ते विट्याला पंधरा पाठवतात, मग मी सहा पाठवले तर काय बिघडलं. काही बिघडलं नाही. फक्त त्यांचे पंधरा उघडे आहेत, तुमचे सहा झाकलेले. लपवलं की खर्चाची चोरी होते, रक्कम मग कितीही लहान असो. आणि तुम्ही का लपवलंत हेही मला कळतं. त्यांनी नाही म्हटलं असतं म्हणून नव्हे. त्यांनी 'हो' म्हटलं असतं, आणि मग ती त्यांची मेहेरबानी झाली असती, हे तुम्हाला नको होतं. मान्य. पण हे त्यांना सांगा. अगदी याच शब्दांत.

आता विट्याचे पंधरा हजार.

पत्रात एक ओळ आहे, तुम्ही सहज लिहून गेलात: "लग्नाच्या वेळी नणंदेच्या लग्नाचं कर्ज फिटायचं होतं म्हणून सुरू झालं." कर्ज कधी फिटलं? तुम्हीच पुढे लिहिलंय, २०१८ साली. म्हणजे ज्या कारणासाठी पैसे सुरू झाले ते कारण संपून कितीतरी वर्षं झाली, पैसे चालूच आहेत. हे असंच असतं. एकदा पाच तारीख ठरली की कुणी विचारत नाही. मुलगा बंद करत नाही, कारण वडिलांना काय वाटेल. वडील नको म्हणत नाहीत, कारण मुलाला काय वाटेल. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मुलाकडून येणाऱ्या पैशाला नऊ वर्षं हात लावला नव्हता, सगळे पोस्टात होते. त्यांना त्या पैशाची गरज नव्हती. गरज होती ती संध्याकाळी पारावर बसल्यावर "पोरगं अजून पाठवतंय हो" म्हणता येण्याची. गुरुजींचंही तसंच आहे असं मी म्हणत नाही. त्यांच्या मागे शेतीचं काही असेल, सासूबाईंचं दुखणंखुपणं असेल. पण विट्यात ते १५,००० कशाला लागतात हे तुम्हा दोघांपैकी कुणालाच ठाऊक नाही, हे पत्रावरून दिसतं. आधी ते विचारा.

'तुम्ही' म्हणजे तुम्ही नव्हे. तुमचे यजमान. हा एक नियम दोघांनी पाळा: ज्याचे आई-वडील त्याने बोलायचं. विट्याला पैसे कमी करायची गोष्ट सुनेच्या तोंडून निघाली की ती पैशाची गोष्ट राहत नाही, मग ती चार गावांत फिरते. तसंच भावाला खडसवायचं काम जावयाने करायचं नाही, ते तुमचं.

आणि हो, नणंद. पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल लिहिलंय: "ती मिरजेला दिलीय, तिचा काही प्रश्न नाही." का बरं नाही? तुम्ही चाळीसगावच्या मुलगी म्हणून जो हक्क आणि जी जबाबदारी मागताय, ती मिरजेच्या सूनबाईंनाही लागू आहे की नाही? त्यांचे यजमान गाळ्याचे मालक आहेत असं तुम्हीच लिहिलंय. गुरुजींच्या म्हातारपणाचा वाटा त्यांनीही उचलायचा, आणि त्या उचलत असतील कदाचित, तुमच्यासारख्याच दुपारी दोन वाजता बँकेत जाऊन. विचारून तर बघा.

भावाबद्दल तुमच्या मनात फार राग आहे. वडिलांच्या पीएफचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे त्याच्या मोबाइलच्या दुकानात गेले, दुकान चालेना, वर "तू कमावतेस" हे वाक्य. राग साहजिक आहे. तरी एक विचारते. वडील पडले त्या रात्री त्यांना उचललं कुणी? दवाखान्यातून घरी आणल्यावर बेडपॅन कोण धरतंय? पत्रात तिचा उल्लेख 'भावजय' म्हणून एकदा आला आहे, तोही तिने तुम्हाला फोन केला म्हणून. चाळीसगावात खुब्याच्या पेशंटसाठी दिवसपाळीची बाई ठेवायला किती लागतात ते एकदा विचारा आणि तो आकडा भावाच्या वाट्यात भावजयीच्या नावाने लिहा. भावजय पगार न घेता ते करते आहे. तिचेही आई-वडील कुठेतरी असतीलच, आणि त्यांना भेटायला ती गेल्या मार्चपासून गेलेली नसणार. भावाशी भांडायचं तर जरूर भांडा, पण हा आकडा पुढ्यात ठेवून.

आता कागद घ्या. शाळेची जुनी वही चालेल, मोबाइलवरचं काही नको, कारण दोघांनी एकत्र वाकून बघायचं आहे.

एका पानावर चौघांची नावं. गुरुजी, सासूबाई, वडील, आई. प्रत्येकापुढे महिन्याला येतं किती, औषधाला जातं किती, घर कुणाच्या नावावर, ठेव किती, दवाखान्याची सोय काय. गुरुजींपुढे ३८,००० येईल, महागाई भत्त्याने ते वाढतही राहील. वडिलांपुढे २,८००. एसटीच्या माणसाची पेन्शन म्हणजे पीएफची पंच्याण्णवची योजना, ती महागाईबरोबर वाढत नाही. त्या योजनेतली किमान पेन्शन २०१४ साली १,००० ठरली, ती तिथेच आहे. आयुष्यभर घाटात गाडी चालवलेल्या माणसाचं आणि आयुष्यभर फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचं म्हातारपण सरकारी कागदावर असं वेगळं होतं. यात गुरुजींचा दोष नाही. पण एकदा हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले की तुम्हाला भांडावं लागणार नाही, यजमान स्वतःच गप्प होतील. समान वाटणी म्हणजे दोन्हीकडे सारखे पैसे, हा हिशेब इथे चालत नाही. ज्याची ओंजळ रिकामी त्याला जास्त. चार वर्षांनी गुरुजींना काही मोठं झालं तर उलटंही होईल, आणि तेव्हा तुम्ही कुरकुर करायची नाही.

माझ्या मते आकडे असे बसतात. आत्ता तुमच्या घरातून दोन्हीकडे मिळून २१,००० जातात. तेवढेच राहू द्या, वाढवू नका, मुलीचं शिक्षण पुढे आहे. विट्याला ५,०००. हे बंद करू नका, पारावरचं ते वाक्य गुरुजींकडून काढून घेऊ नका. चाळीसगावला ८,०००, उघडपणे, तुमच्या पगाराच्या खात्यातून. उरलेले ८,००० एका वेगळ्या खात्यात, दोघांच्या नावावर. तो चौघांचा डबा. त्यातून आधी पाटल्या सुटतील, मग तो दवाखान्यासाठी भरत राहील. सोनेतारण साधारण महिन्याला एक टक्का व्याजाने असेल तर तुम्ही नुसत्या व्याजाचे वर्षाला १४,००० च्या वर भरता आहात. मुदतीच्या आधी अधेमधे मुद्दल भरू देतात का ते तारण ठेवलंय तिथे विचारा. पतसंस्थेत काम करणाऱ्या बाईला हे मी सांगावं! पण स्वतःच्या कर्जापुढे आपण सगळेच अडाणी होतो. दिवाळीचा बोनस त्यात घातलात तर वर्षाच्या आत पाटल्या घरी येतात.

दवाखान्याचं मात्र आजच करा, कारण १,८५,००० चा तो बिलाचा कागद टाळता आला असता का, हा प्रश्न मला पत्र वाचल्यापासून सतावतोय. वडील बहात्तर वर्षांचे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे. त्याचं वय वंदना कार्ड आधारवर निघतं. वय आधारवरचं धरतात, तेव्हा वडिलांची जन्मतारीख त्यावर काय आहे बघा. आपल्याकडे त्या पिढीतल्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस एक जूनला, मास्तरांनी शाळेत घालताना लिहिला तो. आई सहासष्ट वर्षांच्या, त्या त्यात बसत नाहीत, पण महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे. अटी दोनच, दवाखाना योजनेतला हवा आणि उपचार यादीतला. अशा दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून एक टेबल असतं. पेशंट स्ट्रेचरवर असताना ते शोधायला जायचं नसतं. चाळीसगावात, जळगावात आणि धुळ्यात कुठले दवाखाने यात आहेत हे भावाने आज जाऊन लिहून आणायचं. पैसे नाहीत ना त्याच्याकडे? पाय आहेत.

गुरुजी अडुसष्ट वर्षांचे, त्यांचं कार्ड अजून व्हायचं नाही. त्यांचा आरोग्यविमा असेल तर हप्ता यजमानांनी भरावा. तुमच्या आई-वडिलांचा काढलात तर तो तुम्ही भरा. जुन्या करपद्धतीत असाल तर ज्येष्ठ आई-वडिलांच्या विम्यावर ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पण ज्याचे आई-वडील त्यालाच. सासू-सासऱ्यांच्या हप्त्यावर सुनेला काही मिळत नाही. आणि हप्ता रोख भरायचा नाही. २०२४ पासून विमा कंपन्यांना पासष्टच्या वर वय आहे म्हणून दार लावता येत नाही, आणि जुन्या आजारासाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. मात्र सत्तरीतला हप्ता जबर असतो. वडिलांसाठी विम्यापेक्षा कार्ड आणि डबा, हे माझं मत.

आता वडील.

तुम्ही लिहिलंय, पुण्याला आले की जेवून उठताना ते ताटाखाली शंभराची नोट ठेवतात. तुम्ही ती दर वेळी नातीच्या हाताने परत पाठवता आणि दर वेळी रडता. मुलीच्या घरचं पाणी पिऊ नये, ही ती रीत. हिवाळ्यात भरताची वांगी पिशवीभर आणतात, तीही त्याचसाठी, हात हलवत मुलीकडे जायचं नाही. माझे वडीलही असेच होते. मला पहिला पगार झाला १९८३ साली, लग्नानंतर दोन महिन्यांनी. मी त्यांना धोतरजोडी घेऊन गेले. त्यांनी ती घेतली, आत गेले आणि बाहेर येऊन माझ्या हातात दुकानातल्या किमतीएवढे पैसे ठेवले. किंमत त्यांनी कापडावरची चिठ्ठी वाचून काढली होती. मी ते पैसे परत केले, त्यांनी पुन्हा दिले, दारात असं चारदा झालं. शेवटी आई ओरडली, "शेजारी बघताहेत."

पुढे मी शहाणी झाले. रोख दिलं की बाप घेत नाही, पण लाइटचं बिल आधीच भरलेलं असेल तर तो काय करणार? महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकला की पुण्यात बसून चाळीसगावचं बिल भरता येतं. गॅसची टाकी तशीच. औषधांचं दुकान गावातलं असेल तर तिथे खातं ठेवा आणि दुकानदाराला सांगा, महिनाअखेरीला मला फोन करायचा, अण्णांना नाही. आठातले चार-पाच हजार असे जाऊ द्या, बाकीचे आईच्या खात्यात. दर वर्षी त्यांचा हयातीचा दाखला वेळेत गेला की नाही तेही तुम्हीच बघा. दाखला न गेल्याने २,८०० थांबले की मग धावाधाव होते. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. शंभराची नोट मात्र परत करू नका. ठेवून घ्या. त्यांना फुकटचं जेवायचं नसेल तर त्यांनी जेवणाचे पैसे द्यावेत, आपण घ्यावेत.

एक सावधगिरीचं. भाऊ तुमच्याकडून हक्कसोडपत्र मागतोय असं तुम्ही पाचव्या पानावर एका ओळीत लिहिलंय आणि पुढे गेलात. थांबा. चाळीसगावचं घर वडिलांनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं, त्यांच्या नावावर. ते हयात असताना त्यात ना तुमचा हक्क आहे ना भावाचा, मग सोडायचं काय? त्यांच्या मागे, मृत्युपत्र नसेल तर, आई, भाऊ आणि तुम्ही सारखे वारस. आत्ता कुठल्याही कागदावर सही करू नका. आणि वडिलांना म्हणावं, घर कुणाच्याही नावावर बक्षीसपत्राने करू नका. करायचंच ठरवलं तर त्यात आमचा दोघांचा सांभाळ करायचा ही अट स्पष्ट लिहून घ्या. अट लिहिलेली असली की सांभाळ न झाल्यास ते रद्द करून मागता येतं, २००७ च्याच कायद्याने. तुम्हाला घर नको असेल, नका घेऊ. पण आई-वडिलांच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून तरी आत्ता ते कागद अडवा. पैसे पाठवण्याच्या बदल्यात घराचा वाटा, असा सौदाही करू नका. भाऊ तसा अर्थ लावेलच, लावू द्या.

राहिल्या पाटल्या.

लग्नात सासूबाईंनी तुमच्या हातात घातल्या म्हणजे त्या तुमच्या. स्त्रीधन. तारण ठेवायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नव्हती. हे खरं आहे आणि यातलं एक अक्षरही सासूबाईंपुढे बोलू नका. तुम्ही लिहिलंय, त्या त्यांच्या आईच्या होत्या, एक पाटली दुसरीपेक्षा किंचित वाकडी आहे कारण आजीबाई उसाच्या गाडीवरून पडल्या होत्या. त्या वाकडेपणासकट सासूबाईंना त्या ओळखता येतात. गौरीला विट्याला जाल तेव्हा त्यांची पहिली नजर तुमच्या मनगटावर जाणार. तिथे बेन्टेक्सच्या घालून जायचा विचार तुमच्या मनात आलाय हे मला पत्रावरून कळलं. नको. त्यांना पहिल्या दिवशीच समजेल आणि मग तुम्ही दोन गोष्टींच्या चोर ठराल.

वर मी नियम सांगितला की ज्याचे आई-वडील त्याने बोलायचं. हा त्याला अपवाद. पाटल्या त्यांनी लेकाला दिल्या नव्हत्या, तुम्हाला दिल्या होत्या, तेव्हा सांगायचं तुम्हीच. गौरीपर्यंत थांबू नका, सणाच्या घरात पाहुणे असतात. फोनवरही नको. आधी यजमानांबरोबर ती वही उघडून बसा, आकडे ठरवा, मग एखाद्या शनिवारी दोघं विट्याला जा. गुरुजींशी यजमान ओसरीवर बोलतील. तुम्ही आत जा, सासूबाई भाजी निवडत असतील तर तुम्हीही चार शेंगा हातात घ्या, आणि सांगा की वडील पडले, पैसे नव्हते, भाऊ मागे सरला, तुमच्या पाटल्या ठेवल्या, दिवाळीनंतर सुटतील. त्या बोलतील. कदाचित रागावतील, माहेरचं काढतील. ऐकून घ्या. त्यांच्याही आयुष्यात कधीतरी त्यांच्या वडिलांना काहीतरी लागलं असेल आणि त्यांच्याकडे ठेवायला पाटल्या सोडून काही नसेल, किंवा पाटल्या होत्या आणि त्यांना ठेवता आल्या नसतील. मला माहीत नाही. तुम्हालाही नाही.

जाताना तारणाची पावती आणि दवाखान्याचं बिल, दोन्ही पर्समध्ये असू द्या. त्या बघायला मागणार नाहीत बहुतेक. तरी न्या.